तज्ज्ञ-प्रणाली आणि पावसाची झड

आम्ही दोघे मराठीचे अध्यापक. वास्तुकला हा आमचा विषय नव्हे, आणि संगणकशास्त्र तर नव्हेच. तरीही या विषयावर चार शब्द लिहिण्याचे धाडस करीत आहोत, त्याला एक निमित्त घडले. ते आधी सांगतो.

काही वर्षांपूर्वी आमच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयासाठी स्वतंत्र इमारत बांधण्याचे ठरले. महाविद्यालय घाटाच्या पायथ्याशी, मुसळधार पावसाच्या टापूत आहे. बांधकाम समितीवर अध्यापकांचे प्रतिनिधी म्हणून आमची नेमणूक झाली. सल्लागारांनी आराखडा करताना निर्णयांना साहाय्य करणाऱ्या एका संगणकीय प्रणालीचा उपयोग केला होता. दालनाचे क्षेत्रफळ, वाचकांची संख्या, वार्षिक पर्जन्यमान, अंदाजपत्रक असे पुष्कळ प्रश्न ती विचारीत असे, आणि उत्तरांवरून प्रत्येक पर्यायाला गुण देत असे. पश्चिमेकडे ओळीने मोठ्या खिडक्या असलेल्या वाचनकक्षाला सर्वाधिक गुण मिळाले होते. पडद्यावर सगळ्या चौकटी हिरव्या झालेल्या आम्हाला दाखवण्यात आल्या.

चहा घेऊन आलेले ग्रंथालयाचे वयस्क सेवक तो पडदा न्याहाळत क्षणभर उभे राहिले आणि म्हणाले, “सर, पश्चिमेला एवढ्या खिडक्या ठेवल्या तर झड थेट कपाटांवर येईल.” सल्लागारांपैकी एकजण हसून उत्तरले, “काका, ते सगळं बघितलंय. सिस्टीमनं पास केलंय.” काका गप्प झाले. आम्हीही गप्प राहिलो. ठराव झाला, आणि त्याखाली इतरांबरोबर आमच्याही सह्या झाल्या.

त्या क्षणी विचारायला हवा होता, आणि विचारला गेला नाही, असा एकच प्रश्न होता: का पास केले? प्रस्तुत लेख म्हणजे त्या न विचारलेल्या प्रश्नाची उशिराने केलेली भरपाई आहे.

तज्ज्ञ-प्रणाली म्हणजे काय, हे आमच्यासारख्या वाचकांसाठी थोडक्यात सांगायला हवे. एखाद्या क्षेत्रातील जाणकार माणूस निर्णय घेताना जे आडाखे वापरतो ते ‘जर असे असेल, तर तसे करावे’ अशा नियमांच्या रूपात नोंदवायचे. तो झाला ज्ञानसंग्रह. समोरच्या प्रकरणाला त्यांतील कोणते नियम लागू पडतात हे शोधून निष्कर्षापर्यंत पोहोचणारी यंत्रणा वेगळी ठेवायची. ते झाले अनुमानयंत्र. १९७०च्या दशकात स्टॅनफर्ड विद्यापीठात तयार झालेली ‘मायसिन’ ही या जातीची सर्वांत गाजलेली प्रणाली. रक्तातील जंतुसंसर्गाचे निदान करून प्रतिजैविक सुचवणे हे तिचे काम. सुमारे पाचशे नियम तिच्या पोटात होते. पुढे तिच्यातील वैद्यकीय नियम काढून घेऊन केवळ सांगाडा शिल्लक ठेवण्यात आला, आणि त्या सांगाड्यात बांधकामांच्या संरचना-विश्लेषणाविषयीचे नियम भरून ‘सॅकॉन’ नावाची प्रणाली उभी राहिली. जंतूंच्या घरात तुळया-खांब राहायला आले, असे गमतीने म्हणता येईल. १९८०च्या दशकात कार्नेगी मेलन विद्यापीठात मेरी लू माहेर यांनी उंच इमारतींच्या प्राथमिक संरचनेसाठी ‘हाय-राइज’ ही प्रणाली केली, आणि सिडनी विद्यापीठात जॉन गेरो व त्यांच्या सहकाऱ्यांनी आराखडा करण्याच्या ज्ञानालाच नियमबद्ध करता येईल काय, याचा दीर्घकाळ शोध घेतला.

मायसिनचा एक गुण आम्हाला विशेष महत्त्वाचा वाटतो. ती एखादा प्रश्न विचारी, तेव्हा समोरचा डॉक्टर उलट विचारू शकत असे: हे का विचारतेस? आणि त्या क्षणी ती कोणता नियम तपासत आहे, तो नियम दाखवून देत असे. निष्कर्ष दिल्यावर, तो कसा काढला, हेही विचारता येत असे. ज्याला ‘का’ विचारता येते त्याच्याशी वाद घालता येतो. आणि ज्याच्याशी वाद घालता येतो त्याच्याकडूनच सल्ला घेण्यात अर्थ असतो. हे मायसिनच्या कर्त्यांना पक्के ठाऊक होते.

या प्रश्नोत्तरांची कल्पना आपल्याकडे सर्वस्वी नवी नाही. ‘अपराजितपृच्छा’ हा बाराव्या शतकाच्या आसपासचा वास्तुग्रंथ नावाप्रमाणेच पृच्छेच्या रूपात आहे. अपराजित विचारतो आणि विश्वकर्मा उत्तर देतो. अकराव्या शतकातील भोजाच्या ‘समरांगणसूत्रधारा’तही विश्वकर्म्याला प्रश्न विचारणारा त्याचा पुत्र आहेच. प्रमाणे, दिशा, भूमीची परीक्षा, लाकडाची निवड यांविषयीचे नियमच नियम या ग्रंथांत आहेत. आजच्या बाजारात जी ‘वास्तू’ची संगणकीय पत्रके मिळतात, त्यांना हा नियमांचा साठा आयताच सापडला. परंतु त्याच समरांगणसूत्रधारात स्थपतीची चार लक्षणे सांगितली आहेत, ती त्या पत्रकांत उतरली नाहीत: शास्त्र, कर्म, प्रज्ञा आणि शील. केवळ शास्त्र जाणणारा आणि कामात न मुरलेला स्थपती प्रत्यक्ष कामाच्या वेळी रणांगणावरील भित्र्यासारखा गोंधळून जातो, असा तेथे अभिप्राय आहे. आणि केवळ काम जाणणाऱ्या परंतु शास्त्र नसलेल्याची तुलना दुसऱ्याच्या हाताला धरून चालणाऱ्या आंधळ्याशी केली आहे. नियमांचा एवढा मोठा ग्रंथ रचणाऱ्या परंपरेनेच नियमांची मर्यादा इतक्या स्वच्छपणे सांगावी, याचे आम्हाला अप्रूप वाटते. या चार लक्षणांच्या फूटपट्टीनेच तज्ज्ञ-प्रणालीकडे पाहावे, असे आम्ही सुचवतो.

शास्त्राच्या बाबतीत प्रणाली माणसापेक्षा सरस आहे, हे प्रथम मोकळेपणाने मान्य करायला हवे. ‘यंत्राला काय कळते’ असे म्हणून नाक मुरडण्याची आम्हा भाषा-साहित्यवाल्यांना सवय आहे. ती येथे उपयोगाची नाही. आग लागली तर बाहेर पडायचे किती मार्ग हवेत, जिन्याची रुंदी किती असावी, अपंग व्यक्तीच्या चाकाच्या खुर्चीला उतार किती सौम्य हवा, ही जंत्री राष्ट्रीय इमारत संहितेसारख्या ग्रंथांत शेकडो पाने व्यापून राहते. थकलेला माणूस त्यातले एखादे कलम विसरतो. यंत्र विसरत नाही. घरांच्या बाह्य भिंतींतून आत येणारी उष्णता मोजण्यासाठी २०१८ साली आलेल्या ‘इको-निवास संहिते’ने चौरस मीटरला १५ वॉट ही कमाल मर्यादा घातली. हा हिशेब प्रत्येक पर्यायासाठी हाताने करत बसणे म्हणजे शिक्षाच. तो यंत्राने करावा, आणि भिंत जाड केली तर काय, खिडकीवर छज्जा वाढवला तर काय, याची उत्तरे वास्तुविशारदाला झटपट मिळावीत, यात वाईट काहीच नाही. विसरलेल्या कलमापायी माणसे जिवाला मुकतात. अशा ठिकाणी प्रतिभेची ऐट मिरवणे हा निव्वळ अहंकार होय.

अडचण सुरू होते ती दोन योग्य नियम परस्परांना छेद देतात तेव्हा. मुंबईतील कांचनजंगा ही चार्ल्स कोरिया यांची इमारत (१९८३) या दृष्टीने फार बोलकी आहे. मुंबईत समुद्राचा वारा पश्चिमेकडून येतो आणि समुद्राचे दर्शनही पश्चिमेलाच घडते. म्हणून घराचे तोंड पश्चिमेला असावे. परंतु दुपारचे कडक ऊनही पश्चिमेचेच आणि पावसाळ्यातील मारा मुख्यतः तिकडूनच. म्हणून पश्चिमेला तोंड नसावे. दोन्ही नियम खरे. गुणांची बेरीज-वजाबाकी करणारी प्रणाली येथे मधला मार्ग काढील: खिडकी असावी, पण लहान. कोरियांनी असा मध्य काढला नाही. जुन्या बंगल्यांनी हाच पेच घराभोवती व्हरांडा फिरवून सोडवला होता, याची त्यांना आठवण होती. चौऱ्याऐंशी मीटर उंचीच्या मनोऱ्यात, घरांच्या कोपऱ्यांवर दोन मजले उंचीच्या बागांच्या गच्च्या कोरून त्यांनी तो व्हरांडा आकाशात नेला. विरोधी नियमांना तोलत न बसता, ज्यात तो विरोधच उरत नाही अशी तिसरी वस्तू शोधणे, याला प्रज्ञा म्हणायचे. ही इमारत उभी राहिल्यावर तिच्यापासून नियम करता येतो आणि तो प्रणालीत भरताही येतो. मात्र तिच्या आधी तो नियम कुठल्याही संग्रहात नव्हता.

दुसरी अडचण अधिक गंभीर आहे. नियमच चुकीचा असला तर? ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीच्या परिसरात भूकंप झाला, आणि लातूर-उस्मानाबाद जिल्ह्यांत (उस्मानाबादचे नाव आज धाराशिव आहे) सुमारे आठ हजार माणसे दगावली. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वर मातीचे जड माळवद, अशी ती घरे झोपलेल्या माणसांवर कोसळली. त्या वेळच्या भारतीय मानकाच्या नकाशात हा प्रदेश पहिल्या, म्हणजे सर्वांत कमी धोक्याच्या क्षेत्रात दाखवलेला होता. समजा, १९९२ साली एखाद्या गावकऱ्याने उत्तमातल्या उत्तम तज्ज्ञ-प्रणालीला विचारले असते की भूकंपासाठी घरात काही विशेष योजना करू का, तर तिने प्रामाणिकपणे, नियमावर बोट ठेवून, ‘गरज नाही’ असेच सांगितले असते. २००२च्या सुधारित मानकात पहिले क्षेत्र रद्दच झाले आणि किल्लारीचा टापू तिसऱ्या क्षेत्रात गेला. म्हणजे नियम बदलला. पण तो बदलायला आठ हजार माणसांची किंमत पडली. येथे दोष यंत्राचा नाही, माणसाच्या ज्ञानाचा आहे, हे खरेच. तथापि ते अपुरे ज्ञान यंत्रात गेले की त्याचे अपुरेपण दिसेनासे होते. माणूस ‘मला वाटते’ असे म्हणतो. पडद्यावरची हिरवी चौकट तसे म्हणत नाही.

तिसरी अडचण प्रश्नाच्या मांडणीतच दडलेली असते. ख्रिस्तोफर अलेक्झांडर हा गणिताचे शिक्षण घेतलेला वास्तुविशारद १९६०च्या दशकाच्या आरंभी गुजरातमधील एका खेड्यात काही महिने राहिला. १९६४च्या ‘नोट्स ऑन द सिंथेसिस ऑफ फॉर्म’ या पुस्तकात त्याने भारतीय खेड्याचे उदाहरण घेऊन १४१ गरजांची यादी केली. कोणती गरज कोणत्या गरजेशी गुंतलेली आहे ते नोंदवले, आणि त्या जाळ्याचे गणिती पद्धतीने बारा लहान व चार मोठ्या गटांत विभाजन केले. काही गरजा गावकऱ्यांनी बोलून दाखवलेल्या, काही देशाच्या आर्थिक-सामाजिक उद्दिष्टांतून आलेल्या, तर काही चालू जीवनात न बोलताच भागवल्या जाणाऱ्या. ही यादी मराठी वाचकाने अवश्य पाहावी. तिच्या अगदी आरंभी काय आहे? हरिजनांना अपवित्र व अस्पृश्य मानले जाते, ही नोंद! गुरांचे पावित्र्य, घराचे दार दक्षिणेला नसावे हा संकेत, आणि अस्पृश्यता, हे सारे एकाच पातळीवर, आराखड्याने सांभाळायच्या गोष्टी म्हणून क्रमांक लावून बसले आहे. अलेक्झांडरचा हेतू वाईट होता असे आम्ही मुळीच म्हणत नाही. जे आहे ते त्याने प्रामाणिकपणे टिपले. परंतु यंत्राच्या लेखी क्रमांक म्हणजे क्रमांक. ज्या भूमीवर २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर पाण्यासाठी सत्याग्रह झाला, तेथे पाणवठा कुठे असावा हा प्रश्न गटांच्या विभाजनाने सुटणारा नाही. काही ‘गरजा’ भागवायच्या नसतात, मोडायच्या असतात. कोणत्या, हे ठरवण्याला समरांगणसूत्रधाराचा शब्द वापरायचा तर शील लागते. पुढे १९७१च्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत, केवळ पद्धतीच्या नादी लागलेल्या अभ्यासापासून अलेक्झांडरने स्वतःला जाहीरपणे वेगळे केले, ही गोष्ट त्याच्या प्रामाणिकपणाला शोभणारीच आहे. हॉर्स्ट रिटेल आणि मेल्विन वेबर यांनी १९७३ साली अशा प्रश्नांना ‘विकेड’, म्हणजे आपल्या भाषेत खट्याळ, कुटिल प्रश्न, असे नाव दिले. त्यांची मांडणी करणे आणि ते सोडवणे या दोन वेगळ्या पायऱ्या नसतातच, असे त्यांचे म्हणणे होते.

आता आमच्या विषयाकडे, म्हणजे भाषेकडे येतो. तज्ज्ञ-प्रणाली घडवणाऱ्यांचा सर्वांत मोठा अडसर यंत्राचा वेग हा कधीच नव्हता. जाणत्या माणसाच्या डोक्यातील ज्ञान बाहेर कसे काढायचे, हा होता. ज्ञान मिळवण्याच्या या टप्प्यावरच गाडी अडते, हे या शास्त्राचे एक प्रवर्तक एडवर्ड फायगेनबॉम यांनी पूर्वीच नोंदवून ठेवले आहे. आणि माणसाला जेवढे कळते तेवढे सगळे सांगता येत नाही, हे मायकेल पोलान्यी त्याही आधी सांगून गेले. परंतु जे सांगता येते, तेही कोणत्या भाषेत सांगितले जाते? आमच्या प्रणालीने ‘वार्षिक पर्जन्यमान’ विचारले. काकांच्या तोंडी ‘झड’ हा शब्द होता. पर्जन्यमान म्हणजे पाऊस किती. झड म्हणजे पाऊस कुठून, कसा, किती तिरपा आणि कुठवर आत. हा सारा हिशेब दोन अक्षरांत आहे. वळचण, पागोळी, पडवी, ओसरी, माळवद, खण, माजघर यांपैकी प्रत्येक शब्द म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या घेतलेला एक वास्तुनिर्णय आहे. पडवी म्हणजे केवळ ‘झाकलेले अतिरिक्त क्षेत्र’ नव्हे. झड आणि भिंत यांच्यामध्ये ठेवलेले ते अंतर आहे. प्रणालीच्या कोशात हा शब्द नसेल, तर त्यातला निर्णयही नसणार, आणि प्रणाली तो प्रश्न कधी विचारणारच नाही.

अर्थात येथे स्मरणरंजनाच्या आहारी जाण्याचेही कारण नाही. माजघर या शब्दात थंडावा आहे तशी बायकांची कोंडीही आहे. माळवदात उन्हाळ्याचा विचार आहे, भूकंपाचा नाही. जुने शब्द नियम म्हणून जसेच्या तसे भरायचे ठरवले तर अलेक्झांडरच्या यादीचीच पुनरावृत्ती होईल. आमचे म्हणणे एवढेच, की ते शब्द साक्षीदार म्हणून बोलावले जावेत, आणि त्यांची उलटतपासणीही व्हावी.

हा प्रश्न आज अधिक निकडीचा झाला आहे. नियमांवर चालणाऱ्या जुन्या प्रणाली मागे पडल्या, आणि लक्षावधी नमुन्यांवरून स्वतः शिकणारी यंत्रे आराखडेही काढून देऊ लागली. ही यंत्रे कितीतरी अधिक चतुर आहेत. परंतु त्यांना ‘का’ विचारले, तर उत्तर म्हणून एक सफाईदार परिच्छेद मिळतो. तो निर्णय खरोखर त्याच कारणाने झाला, याची हमी तो परिच्छेद देऊ शकत नाही. मायसिन बापडी आपला नियम क्रमांकासह पुढे करीत असे. चातुर्य वाढले आणि जबाब देणे कमी झाले, असा हा व्यवहार आहे.

मग करावे काय? प्रणाली वापरूच नये, असे आम्ही म्हणत नाही; ते शक्यही नाही आणि इष्टही नाही. आमच्या अपेक्षा माफक आहेत. प्रणालीने प्रत्येक शिफारशीखाली तिचा आधार दाखवावा: नियम कोणता, कोणत्या प्रदेशाच्या अनुभवावरून आला, केव्हा लिहिला गेला. तिने काय तपासले याच्या बरोबरीने काय तपासले नाही, याचीही यादी द्यावी. हिरव्या चौकटीशेजारी एक कोरी चौकट असावी. जो त्या इमारतीत काम करणार, झाडणार, पाणी भरणार आहे, त्याचा आक्षेप त्याच्याच भाषेत नोंदवला जावा आणि त्याला लेखी उत्तर मिळावे. आणि अखेरचा निर्णय माणसाच्या नावाने, माणसाच्या सहीने व्हावा. ‘सिस्टीमने पास केले’ या वाक्यात कर्ता कोण, असे आम्ही व्याकरणाच्या तासाला विचारतो, तसेच समितीच्या बैठकीतही विचारले जावे.

आमचे ग्रंथालय बांधून पुरे झाले. हिवाळ्यातल्या संध्याकाळी वाचनकक्षात पसरणारा उजेड सुंदर असतो, हे सांगायलाच हवे. प्रणालीने उजेडाला दिलेले गुण खोटे नव्हते. जूनमध्ये मात्र पश्चिमेकडची कपाटे प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळावी लागतात आणि तो कागद दिवाळीच्या सुमारास निघतो. पहिल्याच पावसाळ्यात जुन्या नियतकालिकांचे काही बांधीव खंड भिजले. त्यांची पाने एकमेकांना चिकटली, ती आता सुटायची नाहीत. काका तोवर निवृत्त झाले होते. एकदा ते सहज भेटायला आले, कागदात गुंडाळलेल्या कपाटांकडे त्यांनी पाहिले, आणि काही बोलले नाहीत.

त्यांनी आम्हाला दोष दिला असता तर बरे वाटले असते. प्रणालीला झड माहीत नव्हती. आम्हाला तो शब्द माहीत होता. त्याचा अर्थ आम्ही वर्गात अनेकदा समजावून दिला असेल. सही करताना मात्र तो आम्हाला आठवला नाही.